‘ट्रान्सफर’ : एका शब्दाचा अर्थ आणि आपले कर्तव्य

जून महिन्यात शाळेच्या कार्यालयात सर्वांत अधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले, तर आम्ही तत्काळ ‘टी. सी.’ असे उत्तर देऊ. पालक दाराशी उभे राहतात, रुमालाने घाम पुसतात आणि म्हणतात, “सर, पोराची टी. सी. काढून द्या.” ही दोन अक्षरे ‘ट्रान्सफर सर्टिफिकेट’ या इंग्रजी नावाची आहेत, हे त्यांतील पुष्कळांना ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. त्यांच्या लेखी तो एक कागद असतो, आणि तो मिळाला की काम झाले.

याच कागदाला शासकीय मराठीत ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणतात. दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहावीत. मराठी नाव मागे पाहते : मुलाने शाळा सोडली. ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ हे दुसरे इंग्रजी नावही तेच सांगते. ‘ट्रान्सफर’ हा शब्द मात्र पुढे पाहतो. मूल इथून उचलून पलीकडे पोहोचवले, असा त्याचा अर्थ आहे. आम्ही या शाळेत शिकलो. आमच्यापैकी काही जण पुढे शिक्षक झालो आणि असे दाखले स्वतःच्या हाताने लिहू लागलो. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात आहे : आपण मुलांना ट्रान्सफर करतो, की केवळ सोडून देतो? शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने तो प्रश्न माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘ट्रान्सफर’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘फेरे’ म्हणजे वाहून नेणे. हे ‘फेरे’ आणि आपल्याकडील संस्कृत ‘भृ’ हे धातू एकाच कुळातले आहेत. ‘भृ’पासून आपला ‘भार’ हा शब्द झाला. म्हणजे ‘ट्रान्सफर’ या शब्दात भार आहे आणि तो वाहणारा माणूसही आहे. आणखी एक मौज अशी की, भाषांतराला इंग्रजीत ‘ट्रान्सलेशन’ म्हणतात, तो शब्दही याच लॅटिन क्रियापदाच्या दुसऱ्या रूपापासून बनला आहे. एका भाषेतला भार दुसऱ्या भाषेच्या काठावर नेऊन ठेवणे, ते भाषांतर. बाबासाहेबांनी धम्मावरचा आपला महाग्रंथ इंग्रजीत लिहिला आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आपल्या आई-आजींनी तो ऐकला तो मराठीतून. कोणीतरी तो भार वाहून आपल्या उंबरठ्यापर्यंत आणला, म्हणूनच ते शक्य झाले.

मराठीने या एका इंग्रजी शब्दासाठी अनेक शब्द वापरले आहेत. नोकरदाराची ती बदली, जमिनीचे ते हस्तांतर, माणसांचे स्थलांतर, राज्याचे सत्तांतर. यांतील ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’ : दुसरा हात, दुसरे स्थळ, दुसरी सत्ता. आपल्या समाजाच्या इतिहासात तर या ‘अंतर’ची मोठी मालिकाच आहे. १९३५ साली येवल्यात घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा उभा राहिला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला नामविस्ताराचे रूप आले. या प्रत्येक वेळी काहीतरी एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यावे लागले, आणि नेणाऱ्यांनी त्याचा भार सोसला.

स्थलांतर न करताही ट्रान्सफर होते, हे तर आपल्या भूमीलाच विचारावे. रिठद जागचे हलले नाही. पण त्याच्यावरची सत्ता किती वेळा बदलली! हा सारा मुलूख निजामाच्या वऱ्हाडातला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हाती सोपवले. १९०२ साली ते इंग्रजांना कायम पट्ट्याने देण्यात आले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून त्याचा बहुतांश भाग अकोल्यात गेला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. या प्रत्येक फेरबदलात कागद इकडून तिकडे गेले, कचेऱ्या बदलल्या. शेतात राबणाऱ्या माणसाला मात्र कोणी विचारले नाही की, बाबा, तुला हे मान्य आहे काय? केवळ वरच्यांच्या सहीने झालेली ही ट्रान्सफर होती.

याउलट कायद्याच्या पुस्तकात ट्रान्सफरचा एक निराळा धडा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम हा कायदा १८८२ सालचा. दानपत्राविषयी त्यात एक महत्त्वाची अट आहे. देणाऱ्याने दिले, एवढ्याने दान पुरे होत नाही; घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते, आणि तेही देणारा हयात व देण्यास समर्थ असतानाच. स्वीकार करण्यापूर्वी घेणारा मरण पावला, तर ते दान रद्द ठरते. त्याच कायद्यात, काही गोष्टींचे हस्तांतर मुळीच करता येत नाही, असेही सांगितले आहे. सार्वजनिक पद ही त्यांपैकी एक. आपल्याला मिळालेली खुर्ची कोणी दुसऱ्याच्या नावे करून देऊ शकत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील महार वतनाच्या जमिनींबाबत १९५८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अट घातली, तीही एवढ्याचसाठी की, गरिबाच्या हातची जमीन सहज दुसऱ्याच्या हाती जाऊ नये. तात्पर्य, जे सहज सरकते ते सर्वच हिताचे असते असे नाही. आणि जे दिले जाते, ते घेणाऱ्या हाताशिवाय पुरे होत नाही.

१९४७ साली देशात सत्तेचे हस्तांतर झाले. तेव्हाही प्रश्न हाच होता : सत्ता कोणाकडून कोणाकडे? संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी बजावले की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. आमच्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ असा की, सत्ता दिल्लीत पोहोचली, पण तिची पोच गावकुसाबाहेरून अजून यायची होती. ‘पोच’ हा फार चांगला मराठी शब्द आहे. पाठवलेले मिळाले, असे घेणाऱ्याने कळवणे म्हणजे पोच. ज्या ट्रान्सफरची पोच नाही, ती अर्धीच ट्रान्सफर होय.

आता पुन्हा शाळेकडे येऊ. शिक्षकाची बदली होते तेव्हा चार्ज देण्या-घेण्याचा एक रीतसर विधी होतो. किल्ल्या मोजल्या जातात, बाके मोजली जातात, जड वस्तूंची नोंदवही तपासली जाते, एखादा ग्लोब कमी भरला तर त्याचा शेरा मारला जातो. दोन सह्या होतात आणि कार्यभार सुपूर्द होतो. परंतु कोणत्या मुलाला रात्री दचकून जाग येते, कोणत्या मुलीच्या घरी आई आजारी आहे, कोणाला फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत आणि लाजेने तो सांगत नाही, हे चार्जच्या यादीत कुठेच नसते. निवासी शाळेत तर शिक्षक हा अर्धा पालक असतो. त्याने वर्षानुवर्षे गोळा केलेले हे ज्ञान त्याच्याबरोबरच बसमध्ये चढते आणि निघून जाते. ग्लोब मिळतो, मूल हरवते.

दाखल्याचेही तसेच आहे. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव खारीज झाले, दाखला दिला, स्थळप्रतीवर पालकाचा अंगठा घेतला. शाळेच्या दप्तरी प्रकरण मिटले. पण तो दाखला कोठे गेला? आमच्या पाहण्यातील एका गावी एका मुलाचा दाखला पत्र्याच्या पेटीत, आईच्या लुगड्यांखाली, वर्षभर पडून होता. आई-वडील वीटभट्टीवर गेले, तिथून दुसऱ्या भट्टीवर गेले आणि मुलगा त्यांच्यामागे फिरत राहिला. एका शाळेने त्याला सोडले होते, पण दुसऱ्या कोणत्याच शाळेने त्याला घेतले नव्हते. कागदोपत्री तो ‘ट्रान्सफर’ झालेला होता. मुलींची कथा याहून कठीण आहे. सातवी किंवा दहावीनंतर दाखला नेला जातो, कारण विचारले तर “मामाच्या गावी शिकवणार” असे सांगितले जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका येते. वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी मुलीचे लग्न लावण्यास कायद्याने मनाई आहे, हे पत्रिका छापणाऱ्यापासून अक्षता टाकणाऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. तो दाखला कोणत्याही शाळेत पोहोचलेला नसतो.

दुसऱ्या बाजूने, दाखला अडवून ठेवण्याचेही प्रकार घडतात. फीची बाकी, ग्रंथालयाचे हरवलेले पुस्तक किंवा केवळ रुसवा, एवढ्या कारणासाठी पालकाला चकरा माराव्या लागल्याचे आम्ही ठिकठिकाणी ऐकले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे पाचवे कलम याबाबत स्पष्ट आहे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या बालकाला मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे. विलंब केल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. आणि दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. प्रत्येक पालकाने हे पाठ करून ठेवावे. आपल्या समाजाच्या दृष्टीने तर त्या कागदाला दुहेरी मोल आहे. जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद यांचा तो पुरावा असतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळू लागल्या. पण जात प्रमाणपत्रासाठी कचेरीच्या खिडकीवर गेलेल्या मुलाला शेवटी आजोबांच्या किंवा वडिलांच्या शाळेचा दाखलाच शोधावा लागतो. एक अक्षर चुकले, तर एक पिढी चकरा मारते. शिष्यवृत्तीची रक्कमही आज ‘थेट लाभ हस्तांतरण’ या नावाने खात्यात येते. खात्याला आधार जोडलेले नसेल, तर पैसे निघतात पण पोहोचत नाहीत. इथेही उणीव असते ती पोचेचीच.

मग खरी ट्रान्सफर कशी असते? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या घरी कोणी निवर्तले की काही दिवसांनी आपण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतो. इंग्रजी अभ्यासक या कल्पनेला ‘ट्रान्सफर ऑफ मेरिट’ म्हणतात. आम्हांस हे भाषांतर थोडे अपुरे वाटते. बँकेतून पैसे ट्रान्सफर केले, की देणाऱ्याची शिल्लक कमी होते. पुण्यदानात ती कमी होत नाही. ‘अनुमोदन’ या शब्दात दुसऱ्याच्या कुशलाने आनंदित होणे आहे, आणि ज्याने आनंदाने स्वीकार केला, त्याच्यापर्यंत ते पोहोचले असे परंपरा मानते. म्हणजे इथेही घेणाऱ्याची पोच हवीच.

धम्मपदाच्या अट्ठकथेत अन्नभार नावाच्या एका गरीब मजुराची कथा आहे. त्याने आपल्या वाट्याचे अन्न एका प्रत्येकबुद्धाला दिले. ही वार्ता सुमन नावाच्या श्रेष्ठीला कळली, तेव्हा त्याने ते पुण्य पैसे देऊन विकत मागितले. मजूर विकायला तयार झाला नाही. मग श्रेष्ठीने निदान वाटा तरी दे, असे म्हटले. वाटा द्यावा की नाही, हे विचारायला अन्नभार प्रत्येकबुद्धाकडे गेला, तेव्हा त्याला दिव्याचा दृष्टान्त मिळाला. गावात एका घरी दिवा पेटला आणि बाकीच्या घरांनी त्यावर आपापली वात लावून नेली, तर पहिल्या दिव्याचा उजेड कमी होतो काय? उलट गावातला उजेड वाढतो. अन्नभाराने आपल्या पुण्याचा वाटा दिला, आणि तो देताना मोल घेतले नाही.

त्या मजुराच्या नावातला ‘भार’ आणि ‘ट्रान्सफर’मधला ‘फर’ हे एकाच धातुकुळातले आहेत, हे आम्ही वर सांगितलेच आहे. आमच्या मते शाळेपुढे हे दोन आदर्श आहेत. श्रेष्ठी आधी खरेदी मागतो : पैसे टाक, वस्तू उचल, हिशेब मिटला. अन्नभार वाटा देतो, आणि वाटा देणारा व घेणारा यांचे नाते पुढे चालू राहते. आपल्याच वाशीमने, त्या काळच्या वत्सगुल्माने, याची साक्ष दिली आहे. वत्सगुल्माच्या वाकाटक घराण्यातील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खुसंघासाठी कोरवले. अजिंठ्यातील कित्येक दानलेखांत दानाचे पुण्य आई-वडिलांना आणि सर्व प्राणिमात्रांना लाभो, अशी इच्छा कोरलेली आहे. दगडात कोरलेली ती इच्छा दीड हजार वर्षांनंतर आपण वाचतो, म्हणजे आपणही तिची पोच देतो.

वसतिगृह ही कल्पनाही अशीच आहे. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह उभे केले. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. दोघांनाही ठाऊक होते की, मूल गावातून उचलून शहरात ठेवणे एवढेच पुरेसे नाही; पलीकडच्या काठावर त्याच्यासाठी चूल पेटलेली असली पाहिजे, दिवा असला पाहिजे आणि नावाने हाक मारणारा कोणीतरी असला पाहिजे. आपली निवासी शाळा त्याच वाटेवरची आहे.

म्हणून आम्ही या स्मरणिकेतून चार सूचना करू इच्छितो. त्या खर्चाच्या नाहीत, लक्ष देण्याच्या आहेत.

पहिली सूचना अशी की, दाखला मागितला त्याच दिवशी द्यावा. बाकी असेल तर ती पालकांकडून सवडीने मागावी. मुलाचा कागद तारण ठेवू नये.

दुसरी, प्रत्येक दाखल्याबरोबर शाळेचा पत्ता छापलेले एक पोचपत्र द्यावे. नव्या शाळेने मुलाला दाखल करून घेतल्यावर ते परत पाठवावे. महिनाभरात पोच आली नाही, तर शाळेने घरी फोन करावा. फोन लागला नाही, तर गावातील एखाद्या माजी विद्यार्थ्याला पाठवावे. ‘सरल’ प्रणालीतही नवी शाळा विनंती करते आणि जुनी शाळा ती मान्य करते. त्यामुळे ज्या मुलासाठी कोणाचीच विनंती आली नाही, त्याचे नाव ओळखणे कठीण नाही. मुलीच्या बाबतीत ही चौकशी दुप्पट तातडीने व्हावी.

तिसरी, बदलून किंवा निवृत्त होऊन जाणाऱ्या शिक्षकाने व अधीक्षकाने चार्जच्या यादीसोबत प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहून ठेवाव्यात. मुलाची लाज राखून, पण खरे ते लिहावे. नव्या शिक्षकाने त्या वाचल्याची सही करावी. ग्लोबाची सही होते, तर मुलाचीही व्हावी.

चौथी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी आहे, म्हणजे आमच्या स्वतःसाठी आहे. आपल्यापैकी कोणी पुण्यात आहे, कोणी नागपुरात, कोणी मुंबईत, कोणी परदेशी. या शाळेतून निघालेले मूल ज्या शहरात जाईल, तिथे त्याला उतरून घेणारा एक हात आपला असावा. वर्गणी द्यावीच, परंतु वर्गणी ही सुमन श्रेष्ठीच्या पहिल्या मागणीसारखी ठरू नये, की पैसे दिले आणि ऋण फिटले. बसस्थानकावर जाऊन उभे राहणे, प्रवेशाच्या रांगेत सोबत करणे, पहिल्या दिवाळीला घरी जेवायला बोलावणे, याला पैशाने पर्याय नाही.

कोणी म्हणेल, शाळेचे काम शिकवण्याचे. गेलेल्या मुलांच्या मागे कोठवर धावायचे? हा आक्षेप खोटा नाही. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, अहवालांचा ढीग आहे, आणि पुष्कळ पालकांचा फोन नंबरही दर चार महिन्यांनी बदलतो. सर्व मुलांपर्यंत पोहोचता येणार नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु वर्षाला दहा दाखल्यांची पोच आली नाही आणि त्यांतील तीन मुले शोधून पुन्हा शाळेत बसवता आली, तर त्या तीन घरांच्या पुढच्या पिढ्यांचा हिशेब कोण मांडणार? आपल्यापैकी कित्येक जण आज जेथे आहेत तेथे आहेत, ते अशाच कोण्या गुरुजींनी सायकल काढून आपल्या घरापर्यंत घातलेल्या एका फेरीमुळे.

शब्दकोशात ‘ट्रान्सफर’चा अर्थ एका ओळीत संपतो. शाळेत तो संपत नाही. आम्हांला या शाळेने काही दिले आणि त्यापायी शाळेचे काहीच उणे झाले नाही. ते आमच्यापर्यंत पोहोचले आहे, ही त्याची पोच आम्ही या पानावर देत आहोत. पुढच्या जूनमध्ये जे मूल दाखला हातात घेऊन फाटकाबाहेर पडेल, त्याची पोच आणण्याचे काम आता आपणा सर्वांचे आहे.